यंत्र वाजलं, म्हणजे काय?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सर्व गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी यंदा अट घातली होती की पगार, परदेश आणि मुलांचे टक्के यांतलं काही बोलायचं नाही. शाळा सुटल्यावर हौसेनं काय शिकलात तेवढं सांगायचं, आणि तेही पंधरा मिनिटांत. ही अट मला मनापासून आवडली.

मागच्या रांगेत बसलेल्यांना वाटलं असेल की मी गवत कापायचं यंत्र घेऊन स्टेजवर आले. तसं नाही. टोकाला ताटलीएवढी चकती, मधे दांडी आणि वर छोटा पडदा असलेलं हे यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. एखाद्या बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत मिळतं. दोन वर्षांपूर्वी घेतलं तेव्हापासून राजारामपुरीत मला एकच प्रश्न विचारला जातो, "काय, घावलं का सोनं?" त्याचं उत्तर देते, पण शेवटाकडं. आधी हे चालतं कसं ते सांगते.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्यात म्हणून जरा भीत भीत सांगते. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की गॅल्व्हनोमीटरचा काटा हलतो, हे बाईंनी आपल्याला प्रयोगशाळेत दाखवलं होतं. फॅरेडेनं १८३१ मध्ये शोधलेलं ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन. ह्या चकतीत तशीच दोन वेटोळी आहेत. पहिल्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. तिथं धातूचा तुकडा असला तर त्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह तयार होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र वर येतं. दुसरं वेटोळं ते ऐकतं. किती जोरात आलं आणि किती उशिरानं आलं, यावरून यंत्र अंदाज बांधतं की खाली लोखंड असावं, ॲल्युमिनियम असावं की चांदी. मी "असावं" म्हणतेय, ते लक्षात ठेवा.

विकत आणून बटण दाबलं की चालू, असं हे यंत्र नाही. ते मांडायला शिकावं लागतं. पहिली पायरी घरातच करायची. चकती लाकडी टेबलावर आडवी ठेवायची आणि तिच्यासमोरून एकेक वस्तू फिरवायची. मी खिळा, आताचा रुपया, जुने नागमोडी कडेचे दहा पैसे, चांदीचं जोडवं, सोन्याची अंगठी आणि सोड्याच्या बाटलीचं बूच असं सगळं फिरवलं, आणि कुठल्या वस्तूला कसा आवाज येतो, पडद्यावर कोणता आकडा दिसतो, ते वहीत लिहिलं. आताचा रुपया लोखंडाच्या जातीचा, चुंबकाला चिकटतो. दहा पैसे ॲल्युमिनियमचे. चांदीचा आवाज स्वच्छ आणि उंच. सोन्याची बारीक अंगठी मात्र अगदी त्याच आकड्यांत येते जिथं सिगारेटच्या पाकिटातली चांदी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा कागद येतो.

इथं पहिला धडा मिळतो. यंत्रात एक सोय असते, की नको त्या धातूंचे आवाज बंद करायचे. कचऱ्याचा त्रास नको म्हणून कागदाचा आवाज बंद केलात, तर अंगठीचाही आवाज बंद होतो. यंत्र तुम्हाला विचारत नाही. ते गप्प राहतं आणि तुम्हाला वाटतं, खाली काही नाही.

दुसरी पायरी संवेदनशीलतेची, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ठेवायचा याची. फार वाढवलं तर ते वरच्या विजेच्या तारांना, शेजारच्या मोटारीला आणि खिशातल्या मोबाईललाही वाजतं. फार कमी केलं तर समोरची वस्तू सोडून देतं. वाजायला नको तिथं वाजणं आणि वाजायला हवं तिथं गप्प बसणं, ह्या दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. एक कमी केली की दुसरी वाढते. सॉफ्टवेअरमधल्यांना हे रोजचं आहे. तुमचं कार्ड बँकेनं उगाच अडवलं म्हणून तुम्ही चिडता, तेव्हा पलीकडं कुणीतरी हाच खटका कुठं ठेवायचा ते ठरवलेलं असतं.

तिसरी पायरी जमिनीची, आणि आपल्याकडं ती सर्वांत महत्त्वाची. लहानपणी दोऱ्याला चुंबक बांधून आपण रस्त्याच्या कडेनं ओढत न्यायचो आणि त्याला काळी पूड चिकटायची, आठवतं? ते मॅग्नेटाइट. आपला काळा दगड बेसॉल्ट, त्यात लोहखनिज भरपूर, आणि त्याच दगडाची आपली माती. पश्चिमेला पन्हाळ्याकडं गेलात की तांबडी माती, तीही लोहाचीच. त्यामुळं इथं यंत्र नुसतं जमिनीलाही वाजतं. म्हणून आधी जिथं काही पुरलेलं नाही अशी मोकळी जागा शोधायची, चकती फूटभर उंचीवरून जमिनीच्या जवळ आणायची, वर न्यायची, पुन्हा खाली आणायची. आवाज सारखा होईपर्यंत बटण फिरवत राहायचं. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. इथली जमीन अशी आहे, हे यंत्राला आधी सांगायचं आणि मगच शोधायला लावायचं. नदीकाठच्या काळ्या रानात केलेली जुळणी पन्हाळ्याच्या तांबड्या मातीत चालत नाही. जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

हा सगळा सराव मी मुख्याध्यापिका बाईंची परवानगी घेऊन आपल्याच मैदानावर केला. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोरी लावून पट्टे आखायचे. चकती झोपाळ्यासारखी हलवायची नाही, जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवायची. आवाज आला की त्याच जागेवरून आडवं आणि उभं असं दोनदा जायचं. दोन्हीकडून सारखा आवाज आला तरच खणायचं. आडव्या पडलेल्या खिळ्याचा आवाज बऱ्याचदा एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूनं फाटतो. खणायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, मग उकरायचं, वस्तू लिहायची आणि खड्डा बुजवून पायानं दाबायचा.

काय मिळालं ते ह्या डब्यात आहे, चहाच्या वेळी बघा. निम्म्याहून जास्त खिळे आणि तारेचे तुकडे. बुचं ढीगभर. कंपासपेटीतलं एक कर्कटक, टोक मोडलेलं. शाळेचे दोन बिल्ले. पाच-दहा पैशांची नाणी, बहुतेक बोरं आणि चिंचा विकत घेताना पडलेली. सोनं नाही. पण त्या मैदानावर मी आवाज ऐकायला शिकले.

आता एक जुनी गोष्ट सांगते. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली, आणि क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी घाईनं एक यंत्र बनवलं. वेटोळी हीच, आणि ऐकायला टेलिफोनचा रिसीव्हर. आज मी कानाला जो हेडफोन लावते त्याचा हा पणजोबा. बेल यांनी दोनदा अध्यक्षांची तपासणी केली, पण गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी आवाजात गोंधळ केला. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. गोळी उजव्या बाजूला आहे असं मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी आधीच ठरवलं होतं आणि तपासणीही उजव्याच बाजूची होऊ दिली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

यंत्राचं तत्त्व बरोबर होतं. शोधायचं कुठं, हे मात्र माणसानं आधीच ठरवून टाकलं होतं. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला ती इतिहासातली वाटली. पुढं ती करवीर तालुक्यातल्या एका उसाच्या रानात भेटली.

ओळखीच्या एका घरातल्या काकूंचं मंगळसूत्र हरवलं. त्या दिवशी लावणीच्या उसात भांगलण चालू होती, तीन बायका कामाला होत्या. काकू दुपारी चहा घेऊन रानात गेल्या, सरीतून हिंडल्या, संध्याकाळी घरी आल्यावर गळ्याकडं हात गेला. दुसऱ्या दिवशी दोन बायकांना कामावर बोलावलं, तिसरीला बोलावलं नाही. का, तर ती काकूंच्या सर्वांत जवळ बसून चहा प्यायली होती, आणि तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. कुणी तिला चोर म्हटलं नाही. फक्त बोलवायचं बंद केलं. गावात तेवढं पुरतं. आठ दिवसांत बाकीच्या दोन घरांनीही तिला बोलवायचं बंद केलं.

मला फोन आला तो "एकदा यंत्र फिरवून खात्री करून दे" असा. मी विचारलं, कसली खात्री? पलीकडून उत्तर आलं नाही.

मंगळसूत्र शोधायचं तर ते यंत्राला कसं दिसतं याचा आधी विचार करावा लागतो. काळे मणी काचेचे, ते दिसतच नाहीत. बारीक सोन्याची तार जवळजवळ दिसत नाही. नाजूक साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी आणि चिमुकली वाटते. राहतात त्या दोन वाट्या. म्हणजे आख्ख्या मंगळसूत्रासाठी आपण खरं तर हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या दोन गोष्टी शोधत असतो, आणि त्यांचा आवाज गोळ्यांच्या पाकिटासारखा. म्हणून कागदाचा आवाज बंद करायचा नाही. जे वाजेल ते उकरायचं.

त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज रात्रीची होती, त्यामुळं दिवसा मोटारी बंद आणि यंत्र शांत. काकूंना मी आधी चालायला सांगितलं. त्या दिवशी कुठून आलात, कुठं बसलात, कुठं वाकलात. संशय कुणावर आहे ते सांगू नका, तुमचे पाय कुठं गेले तेवढं सांगा. त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सऱ्या मी दोरी लावून घेतल्या. ऊस गुडघ्याएवढाच होता म्हणून जमलं. पहिल्या दिवशी औषधाच्या बाटल्यांची झाकणं, तारेचे तुकडे आणि एक मोडकं खुरपं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटाच्या कडेला, जिथं काकू हात धुवायला वाकल्या होत्या, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज आला. चार बोटं खोल गाळात एक वाटी. वीतभर पुढं दुसरी. दोरा तुटला होता आणि मणी सगळे चिखलात पसरले होते.

काकूंनी वाट्या धुतल्या, पदराला बांधल्या आणि थेट त्या बाईंच्या घरी गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी बाहेर थांबले होते. बाहेर आल्यावर त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, घावलं म्हणून बरं झालं. नसतं घावलं तर?"

ह्या प्रश्नानं मला पुष्कळ दिवस झोपू दिलं नाही, आणि त्याचं उत्तर द्यायची पाळी लवकरच आली. आपल्याच राजारामपुरीत, एका बंगल्यात, अंगठी हरवली होती. मी बाग तपासली, परस तपासलं. तीन तास गेले. अंगठी मिळाली नाही. घरातले आजोबा खुर्चीवर बसून बघत होते. शांतपणे म्हणाले, "म्हणजे इथं नाही. मग तिनंच नेली." ती म्हणजे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. त्या आत भांडी घासत होत्या, त्यांना ऐकू गेलं असणार.

मी आजोबांकडं कागद मागितला आणि तिथंच दोन रकाने काढले. तपासलेलं: बागेतली माती, वीतभर खोल, परसातली माती, तेवढीच खोल. न तपासलेलं: फरशी, कारण तिच्याखालच्या काँक्रीटमध्ये सळ्या आहेत आणि तिथं यंत्राला दुसरं काही ऐकू येत नाही. मोरीचा पाइप. गटार. सोफ्याच्या आतली बाजू, कारण तिथंही स्प्रिंगा. चार दिवसांपूर्वी घंटागाडीत गेलेला कचरा. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आजोबा, यंत्र एवढंच सांगतंय. कुणाचं नाव सांगणं त्याला येत नाही."

त्यांनी कागद दोनदा वाचला. अंगठी अजून सापडलेली नाही. मावशी अजून त्या घरी कामाला आहेत.

चोर शोधायला संशयितांना तांदूळ चघळायला द्यायचे, ज्याचं तोंड कोरडं पडेल तो चोर, अशा गोष्टी आपण आजीकडून ऐकल्यात. भीतीनं कुणाचंही तोंड कोरडं पडतं, हे आपल्याला आता कळतं. पण यंत्र आणून तेच करायला लागलो, तर यंत्र नवं आणि न्याय जुनाच. यंत्र वाजलं म्हणजे खाली काहीतरी आहे, बघा, एवढाच अर्थ. न वाजलं म्हणजे ह्या जागी, ह्या खोलीपर्यंत, ह्या जुळणीत काही ऐकू आलं नाही, एवढाच अर्थ. उजळाईवाडीच्या विमानतळावर दारातलं यंत्र वाजलं की चांगला जवान आपल्याला चोर समजत नाही. बाजूला घेतो, हातातलं छोटं यंत्र फिरवतो, विचारतो. आपल्या वर्गातल्या एकाच्या मांडीत अपघातानंतर रॉड बसवलाय. तो प्रत्येक दारात वाजतो आणि प्रत्येक वेळी हसत विमानात बसतो. आवाज, मग प्रश्न, मग तपासणी. हीच रीत घरात आणि रानातही पाळता येते.

आता "सोनं घावलं का?" ह्या प्रश्नाकडं येते. गुप्तधन शोधून दे म्हणून मला आजवर तिघांनी विचारलंय. एकानं तर गडावर नेण्याची तयारी केली होती. सर्वांना सांगते, संरक्षित किल्ले आणि स्मारकं इथं परवानगीवाचून खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या परसात जुनं काही निघालं तरी १८७८ चा कायदा लागू होतो. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हो, दहाच रुपये. कायदा जुना आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक कारण उरतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं. थरामागून थर काढत, कुठल्या थरात काय मिळालं ते नोंदवत ते खाली गेले आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. त्याच टेकडीवर मिळालेली पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती वीतभरही नाही, पण कोल्हापूरचा रोमन जगाशी संबंध होता हे ती सांगते. टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन बघा, मुलांना घेऊन जा. ती मूर्ती कुणी रातोरात यंत्र लावून उकरून विकली असती, तर कुणाच्या तरी कपाटात एक सुंदर बाहुली झाली असती. कोल्हापूरला काही कळलं नसतं. वस्तू जिथं पडलेली असते ती जागा म्हणजे तिची साक्ष असते. मंगळसूत्राच्या वाटीला हे लागू, आणि पोसायडनलाही.

शेवटचं, कामाचं. हे यंत्र मी आजपासून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवतेय. बाईंनी होकार दिलाय. नववीची मुलं ते मांडायला शिकतील आणि कुणाची वस्तू हरवली तर कुणीही माजी विद्यार्थी ते मागून नेऊ शकेल. पैसे नाहीत, चार अटी आहेत. शोध सुरू करण्याआधी कुणावर संशय आहे हे बोलायचं नाही. काय तपासलं आणि काय तपासलं नाही, हे दोन्ही कागदावर लिहून त्या घरी द्यायचं. किल्ला, जुनं देऊळ, टेकडी इथं यंत्र न्यायचं नाही. आणि प्रत्येक खड्डा बुजवायचा.

चहानंतर मैदानावर या. जुळणी कशी करायची ते प्रत्येकाला हातात देऊन दाखवते. सरांच्या बुटांना पूर्वीसारख्या लोखंडी नाली असतील, तर सर, तेवढं जरा लांब उभं राहा.